परदेशातील इंग्रजी अध्यापन आणि दूरशिक्षण : सामर्थ्य व मर्यादा

गोषवारा

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा देशांत ती शिकवण्यासाठी नभोवाणी, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि दृक्‌श्राव्य संपर्कव्यवस्था यांचा वापर गेली आठ दशके होत आला आहे. प्रस्तुत लेखात केनिया, चीन, बांगलादेश व उरुग्वे येथील प्रयोगांच्या आधारे या अध्यापनपद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. दूरशिक्षण भाषेचा आदर्श, पाठ्यसामग्री व तज्ज्ञता दूरवर पोहोचवू शकते; मात्र वर्गाची जबाबदारी ते उचलू शकत नाही. यास्तव दूरशिक्षणाचे यश तंत्रापेक्षा स्थानिक शिक्षकाच्या सहभागावर अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दूरशिक्षण, परकीय भाषा म्हणून इंग्रजी, दूरस्थ अध्यापन, शिक्षक-प्रशिक्षण, स्थानिक शिक्षक.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीची मागणी ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने इंग्रजीचे शिक्षक निर्माण झाले नाहीत. ही तफावत जवळजवळ प्रत्येक बिगर-इंग्रजी देशाच्या शैक्षणिक धोरणात दिसते. शासन अभ्यासक्रमात इंग्रजीचा समावेश करते, पालक त्याचे स्वागत करतात, पाठ्यपुस्तके छापली जातात. परंतु वर्गात उभा राहून ती भाषा बोलू शकेल असा शिक्षक गावोगावी कोठून आणावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. परदेशातून शिक्षक बोलावणे खर्चिक असते आणि देशांतर्गत शिक्षक घडवण्यास एक पिढी जावी लागते. या दोहोंच्या मधली वाट म्हणून दूरशिक्षणाकडे पाहिले गेले.

ही वाट किती दूर नेते आणि कोठे संपते, याचा विचार करणे आज अधिक आवश्यक झाले आहे. २०२० सालच्या महामारीत जगभरचे वर्ग पडद्यावर गेले व दूरशिक्षण हा अपवाद न राहता काही काळ नियम बनला. त्या अनुभवातून दोन टोकाची मते पुढे आली. एका मतानुसार शिक्षकाची प्रत्यक्ष उपस्थिती यापुढे अनिवार्य राहिलेली नाही. दुसऱ्या मतानुसार पडद्यावरील शिक्षण हे शिक्षणच नव्हे. दोन्ही मते घाईची आहेत. भाषा-अध्यापनाच्या क्षेत्रात महामारीपूर्वीच दीर्घकाळ चाललेले प्रयोग उपलब्ध असून त्यांचे धडे या दोन्ही मतांपेक्षा अधिक नेमके आहेत.

‘परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी दूरशिक्षण’ या शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दुरून शिकवणे. दुसरी, त्या विद्यार्थ्याच्या स्थानिक शिक्षकाला दुरून साहाय्य व प्रशिक्षण देणे. तिसरी, परदेशात जाऊन इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीला घरबसल्या अध्यापनाची पात्रता मिळवून देणे. या तिन्हींचे सामर्थ्य सारखे नाही व मर्यादाही सारख्या नाहीत. म्हणून पुढील विवेचनात त्यांचा स्वतंत्र विचार केला आहे.

२. ‘अंतर’ या संकल्पनेचे स्वरूप

दूरशिक्षणातील अंतर हे केवळ मैलांत मोजावयाचे नसते, हा विचार अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी मांडला. त्यांच्या सिद्धांतानुसार शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर हे आकलनाचे आणि संवादाचे अंतर असते व ते तीन घटकांवर अवलंबून असते : त्यांच्यात होणारा संवाद, अभ्यासक्रमाच्या रचनेचा काटेकोरपणा आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता. संवाद कमी आणि रचना ताठर असेल तर अंतर वाढते. आणि अंतर जितके अधिक, तितकी विद्यार्थ्याने स्वतःच्या बळावर शिकण्याची गरज अधिक.

हा सिद्धांत सर्वच विषयांना लागू पडतो. परंतु भाषेच्या बाबतीत त्याला वेगळी धार येते. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकवताना संवाद हे साधन असते. विषयाचे ज्ञान हे साध्य असते. संवाद कमी पडला तरी चांगल्या पुस्तकाच्या आधारे त्याची काही प्रमाणात भरपाई होऊ शकते. भाषा शिकवताना मात्र संवाद हे साधनही असते आणि साध्यही तेच असते. तो कमी पडला की केवळ पद्धत दुबळी होत नाही, तर शिकवण्याचा विषयच हातून निसटतो.

कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. इंग्रजी घरांतून आलेली ही मुले अनेक वर्षे वर्गात फ्रेंच ऐकत होती. त्यांचे आकलन उत्तम झाले. पण बोलण्यात व लिहिण्यात त्यांच्या व्याकरणिक उणिवा कायम राहिल्या. भाषा केवळ कानांवर पडून पुरत नाही. ती स्वतः घडवून बोलावी लागते, बोलताना अडखळावे लागते आणि समोरच्याला समजले नाही हे ध्यानात आल्यावर वाक्य पुन्हा रचावे लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दूरशिक्षणाची बहुतेक माध्यमे ऐकवण्यात समर्थ आणि बोलवून घेण्यात दुर्बळ आहेत. त्यांच्या मर्यादेचे मूळ येथे आहे.

३. ध्वनिलहरींवरून अध्यापन : नभोवाणी व दूरचित्रवाणी

बीबीसीने १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ प्रसारित करण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून पुढील काही दशके ‘शुद्ध’ इंग्रजी उच्चार ऐकण्याचे अनेक देशांतील सर्वांत सुलभ साधन म्हणजे नभोवाणी हेच होते. या माध्यमाचे मोठे बळ त्याच्या खर्चाच्या गणितात आहे. पाठ एकदा तयार झाला की श्रोता एक असो वा दहा लाख, प्रसारणाचा खर्च फारसा बदलत नाही. त्याची उणीवही तितकीच उघड आहे. नभोवाणीला श्रोत्याचे ऐकू येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक कल्पक प्रयत्न केनियात १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. अमेरिकेच्या साहाय्याने राबवलेल्या या प्रकल्पात प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांना रोज अर्ध्या तासाचा इंग्रजीचा पाठ नभोवाणीवरून दिला जाई. पाठात मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या असत. नभोवाणीवरील आवाज प्रश्न विचारी व थांबे. मुले उत्तर देत. मग तो आवाज योग्य उत्तर उच्चारी. वर्गशिक्षक मुलांना उठवणे, बसवणे, फळ्याकडे किंवा वस्तूकडे लक्ष वेधणे अशी कामे करी. प्रकल्पातील मुलांचे श्रवण व वाचन इतर वर्गांतील मुलांपेक्षा सरस असल्याचे मूल्यमापनात आढळले. ‘आंतरक्रियात्मक नभोवाणी’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नभोवाणीवरील आवाजाला मुलांचे उत्तर ऐकू येत नव्हतेच. मूल चुकले की बरोबर आले, याचा त्या पाठावर काहीच परिणाम होत नव्हता. संवादाचा तो आभास होता. परंतु मुलांकडून ओठ हलवून घेण्याइतका तो प्रभावी होता, आणि चूक लक्षात घेण्यासाठी वर्गात एक माणूस उपस्थित होता. हा आभास शिक्षकाशिवाय कितपत टिकला असता, हा प्रश्न उरतोच.

दूरचित्रवाणीचे सर्वांत ठळक उदाहरण चीनचे आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात परकीय भाषांच्या अध्ययनाची मोठी हानी झाली होती. १९७८ नंतर देश खुला होऊ लागला तसा इंग्रजी शिकण्याचा लोंढा आला, पण शिक्षक नव्हते. १९७९ मध्ये केंद्रीय नभोवाणी व दूरचित्रवाणी विद्यापीठाचे प्रसारण सुरू झाले. त्यापाठोपाठ १९८२ मध्ये चीनच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका दाखवण्यात आली. हू वेनचुंग हे चिनी प्राध्यापक आणि कॅथी फ्लॉवर या इंग्रज शिक्षिका यांनी ती चिनी प्रेक्षकांपुढे सादर केली. दूरचित्रवाणी संच दुर्मीळ असल्याने एका संचापुढे अनेक कुटुंबे बसत. मूळ मालिका ब्रिटनमध्ये तयार झाली असली, तरी चिनी भाषेतून समजावून सांगणाऱ्या सहसादरकाची जोड देण्यात आली, हे या प्रयोगाच्या यशामागील एक कारण मानता येते. परदेशी पाठ जसाच्या तसा आणून लावला गेला नाही. त्याला स्थानिक दुभाष्या मिळाला.

४. बांगलादेश : शिक्षकाच्या खिशातील प्रशिक्षण

बांगलादेशात २००८ ते २०१७ या काळात ‘इंग्लिश इन अ‍ॅक्शन’ हा प्रकल्प ब्रिटिश शासनाच्या आर्थिक साहाय्याने राबवण्यात आला. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ त्यात सहभागी होते. त्याच्या दोन शाखा तुलनेसाठी अतिशय बोधप्रद आहेत.

पहिली शाखा सामान्य नागरिकांसाठी होती. ‘बीबीसी जानाला’, अर्थात ‘बीबीसीची खिडकी’, या नावाने नोव्हेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ३००० हा क्रमांक फिरवला की तीन मिनिटांचा इंग्रजीचा पाठ ऐकावयास मिळे. भ्रमणध्वनी कंपन्यांनी त्यासाठी दर कमी केले होते. साधा दूरध्वनी संचही पुरत असल्याने आंतरजालाची गरज नव्हती. लाखो लोकांनी या सेवेचा लाभ घेतला. ज्यांना शिकवणीचे शुल्क परवडत नव्हते, अशांसाठी इंग्रजीशी भीती न बाळगता पहिली ओळख करून घेण्याची ही संधी होती.

दुसरी शाखा शाळाशिक्षकांसाठी होती. येथे तंत्राची निवड उल्लेखनीय आहे. प्रारंभीच्या टप्प्यात आयपॉडसारखी महाग उपकरणे वापरली गेली. परंतु विस्ताराच्या वेळी ती सोडून देऊन साधे, स्वस्त भ्रमणध्वनी संच स्वीकारण्यात आले. त्यातील छोट्या स्मृतिपत्रिकेवर राष्ट्रीय पाठ्यपुस्तकाशी जुळणारे ध्वनिमुद्रित पाठ आणि प्रत्यक्ष बांगलादेशी वर्गांत चित्रित केलेल्या ध्वनिचित्रफिती भरून दिल्या होत्या. वर्गात ऐकवण्यासाठी विद्युतभारित करता येणारा ध्वनिवर्धक दिला जाई. चित्रफितींतील निवेदन बंगालीत होते आणि दाखवलेले वर्ग गर्दीचे, बाकांचे, ओळखीचे होते. ‘हे तेथे होते, आमच्याकडे कसे होणार?’ ही शिक्षकांची स्वाभाविक शंका त्यामुळे आपोआप दूर होत असे.

आणखी एक महत्त्वाची तरतूद अशी की, एका शाळेतून शक्यतो दोन शिक्षकांची निवड केली जाई व परिसरातील शिक्षकांचे गट ठराविक काळाने एकत्र जमत. शिक्षकाने घरी चित्रफीत पाहावी, वर्गात करून पाहावे, सहकाऱ्याशी बोलावे व गटात अनुभव सांगावा असा क्रम होता. वर्गनिरीक्षणांत इंग्रजीचा वापर आणि विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. दूरशिक्षण येथे विद्यार्थ्याकडे थेट गेले नाही. ते शिक्षकाच्या हाती दिले गेले. तीन मिनिटांचा पाठ लाखोंपर्यंत पोहोचला, पण ऐकणारा पुढे काय करतो हे त्या सेवेला दिसत नव्हते. शिक्षकाच्या खिशातील चित्रफीत तुलनेने थोड्यांपर्यंत पोहोचली, मात्र तिचा परिणाम वर्षानुवर्षे येणाऱ्या वर्गांवर होत राहण्याची शक्यता निर्माण झाली. व्याप्ती आणि खोली यांतील हा विनिमय दूरशिक्षणाच्या प्रत्येक योजनेत करावाच लागतो.

५. उरुग्वे : पडद्यावरील शिक्षिका व वर्गातील शिक्षिका

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे हा सुमारे ३५ लाख लोकसंख्येचा स्पॅनिश भाषिक देश. २००७ मध्ये तेथे ‘प्लान सेइबाल’ ही योजना सुरू झाली व सार्वजनिक प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्यात आला. शाळा आंतरजालाने जोडल्या गेल्या. मात्र प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक फारच थोडे होते. २०१२ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्याने ‘सेइबाल एन इंग्लेस’ हा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि पुढे तो चौथी ते सहावीच्या वर्गांसाठी देशभर विस्तारण्यात आला.

त्याची रचना अशी आहे. आठवड्यात इंग्रजीचे तीन पाठ होतात. पहिला पाठ मोठ्या पडद्यावरून दूरस्थ शिक्षक घेतो. हा शिक्षक उरुग्वेतच असेल असे नाही. अर्जेंटिना, ब्रिटन आणि फिलिपीन्स येथूनही हे पाठ घेतले गेले. उरुग्वेत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मनिलात रात्रीचे आठ वाजलेले असतात. उरलेले दोन पाठ मुलांची नेहमीची वर्गशिक्षिका घेते. या वर्गशिक्षिकेला इंग्रजी येत असलेच पाहिजे अशी अट नाही. ती पहिल्या पाठाची उजळणी व सराव करून घेते. दोघींमध्ये दर आठवड्याला पाठाविषयी समन्वय होतो व तो स्पॅनिश भाषेत होतो. वर्गशिक्षिकेला इंग्रजी शिकण्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमही उपलब्ध करून दिला जातो.

या योजनेत शिक्षकाच्या कामाची एक अपूर्व विभागणी झाली आहे. एकीकडे भाषा जाणणारी पण मुलांना स्पर्श करू न शकणारी शिक्षिका; दुसरीकडे मुलांना नावानिशी ओळखणारी पण भाषा न जाणणारी शिक्षिका. कोणते मूल उपाशी आले आहे, कोण लाजते, कोणाची जोडी कोणाशी जमते, हे पडद्यावरील शिक्षिकेला कळू शकत नाही. उलट ‘हा उच्चार बरोबर आहे का’ याचे उत्तर वर्गातील शिक्षिकेला देता येत नाही. देशव्यापी इंग्रजी चाचण्यांत दूरस्थ पद्धतीने शिकलेल्या मुलांचे निकाल प्रत्यक्ष शिक्षकाकडून शिकलेल्या मुलांच्या तुलनेत कमी नसल्याचे दिसून आले, ही या योजनेची मोठी जमेची बाजू होय.

परंतु या यशाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. दूरस्थ शिक्षक वर्गशिक्षकाची जागा घेऊ शकतो, असे उरुग्वेच्या अनुभवातून सिद्ध होत नाही. आठवड्याच्या तीन पाठांपैकी दोन पाठ वर्गशिक्षिकेचे आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये. जी भाषा आपल्याला येत नाही ती मुलांबरोबर शिकण्याची तयारी तिला दाखवावी लागते. वर्गात शिक्षकच सर्व जाणतो ही आपल्या मनात रुजलेली प्रतिमा तिला बाजूला ठेवावी लागते. हे धैर्य कोणत्याही उपकरणाबरोबर पुरवता येत नाही. शिवाय या प्रयोगामागे सर्व शाळांपर्यंत पोहोचलेले संपर्कजाल, राज्याची सलग धोरणात्मक बांधिलकी आणि तुलनेने लहान वर्ग होते. या गोष्टी वगळून केवळ पडदा आयात करणाऱ्या देशाला तोच निकाल मिळेल, असे मानता येणार नाही.

६. परदेशी जाणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे व्यावहारिक प्रशिक्षण देण्याची परंपरा जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमापासून सुरू होते. त्यातूनच पुढे केंब्रिजचे ‘सेल्टा’ हे प्रमाणपत्र विकसित झाले. या प्रमाणपत्रासाठी उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांना निरीक्षकासमोर एकूण सहा तास शिकवणे व अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे निरीक्षण करणे आवश्यक असते.

या अभ्यासक्रमाचा आंतरजालावरील अवतार कसा घडला, हे बोलके आहे. प्रारंभी केवळ सैद्धांतिक भाग आंतरजालावर देण्यात आला. सराव-पाठ मात्र प्रत्यक्ष वर्गातच घ्यावे लागत. २०२० च्या महामारीत सराव-पाठही आंतरजालावर घेण्यास मान्यता मिळाली. तथापि खरे विद्यार्थी, निरीक्षण आणि पाठानंतरची चर्चा ही तीन अंगे काढून टाकण्यात आली नाहीत. म्हणजे स्थळ बदलले. सराव टळला नाही.

याच्या उलट, एकही पाठ न घेता केवळ वाचन व बहुपर्यायी प्रश्नांच्या आधारे प्रमाणपत्र देणारे अनेक अभ्यासक्रम बाजारात आहेत. ‘१२० तास’ हा आकडा त्यांवर ठळक असतो. परंतु ते तास कशाचे, हे क्वचितच विचारले जाते. व्याकरणाची परिभाषा, पाठटाचणाची रचना, अध्यापनपद्धतींचा इतिहास हे सर्व दुरून उत्तम शिकता येते. चाळीस मुलांच्या वर्गात सूचना दिल्यावर निम्मी मुले गोंधळलेली आहेत हे ओळखणे आणि त्या क्षणी काय करावयाचे ते ठरवणे, हे दुरून शिकता येत नाही. अशा प्रमाणपत्रावर परदेशी गेलेल्या शिक्षकाची चूक शेवटी त्या देशातील विद्यार्थ्याला भोगावी लागते.

७. मर्यादांचे विश्लेषण

वरील उदाहरणांवरून दूरशिक्षणाच्या मर्यादांचे चार गट करता येतात.

अ) ध्वनीची मर्यादा : पारंपरिक दूरध्वनी यंत्रणा साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ या पट्ट्यातील ध्वनीच वाहून नेते. ‘स’सारख्या घर्षक ध्वनींची बरीचशी ऊर्जा या पट्ट्याच्या वर असते. त्यामुळे दूरध्वनीवर इंग्रजीतील ‘एस’ आणि ‘एफ’ यांत गफलत होते व नाव सांगताना अक्षरे फोड करून सांगावी लागतात. मातृभाषिक श्रोता संदर्भावरून ही त्रुटी भरून काढतो. नव्याने शिकणाऱ्याजवळ तो संदर्भ नसतो. आणि नेमके हेच भेद त्याला शिकावयाचे असतात.

आ) कालविलंबाची मर्यादा : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तुलनात्मक अभ्यासानुसार, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधील अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहणे इष्ट असते. भूस्थिर उपग्रहामार्गे जाणाऱ्या संदेशाला केवळ अंतरामुळेच सुमारे पाव सेकंद लागतो. परिणामी बोलण्याची पाळी ओळखणे कठीण होते. दोघे एकदम बोलतात अथवा दोघेही थांबतात. वर्गाकडून सामूहिक उच्चार करून घेणे, गाणे म्हणवून घेणे यांसारख्या साध्या कृतीही दूरस्थ शिक्षकाला अवघड जातात. ऑप्टिकल तंतूंनी ही अडचण बरीच कमी केली आहे; पण ते जेथे पोहोचले नाहीत तेथे ती तशीच आहे.

इ) सरावाची मर्यादा : पंचेचाळीस मिनिटांच्या पाठात तीस मुलांना समान वाटणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते, आणि त्यातून शिक्षकाचे बोलणे वजा करावे लागते. प्रत्यक्ष वर्गात जोड्या करून ही अडचण सोडवली जाते. पंधरा जोड्या एकाच वेळी बोलतात व शिक्षक त्यांच्यामधून फिरतो. पडद्यावरील शिक्षकाला फिरता येत नाही. एका ध्वनिग्राहकातून पंधरा जोड्यांचे बोलणे म्हणजे केवळ गोंगाट. जोडीकार्य हवे असेल तर वर्गात दुसरा शिक्षक हवाच.

ई) अर्थकारणाची व धोरणाची मर्यादा : सीमापार अध्यापन हे दोन देशांच्या कायद्यांवर अवलंबून असते. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हीआयपीकिड’ या चिनी कंपनीने उत्तर अमेरिकेतील हजारो शिक्षकांमार्फत चिनी मुलांना पंचवीस मिनिटांचे वैयक्तिक पाठ देण्याचा मोठा व्यवसाय उभारला. एकास एक पद्धतीमुळे सरावाची अडचण येथे बऱ्याच अंशी सुटली होती. परंतु ही सोय शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबांपुरतीच होती. जुलै २०२१ मध्ये चीन शासनाने मुलांवरील अभ्यासाचा व शिकवण्यांचा भार कमी करण्याचे धोरण जाहीर केले व परदेशात राहणाऱ्या शिक्षकांकडून असे शिक्षण देण्यास बंदी घातली. काही आठवड्यांतच ही व्यवस्था कोलमडली. शिक्षक व विद्यार्थी या दोहोंनाही त्या निर्णयात स्थान नव्हते. जी शैक्षणिक व्यवस्था स्थानिक शाळेत मुळे धरत नाही, ती एका आदेशाने नाहीशी होऊ शकते, हे या घटनेतून दिसून येते.

या चारही मर्यादांना छेदून जाणारा एक प्रश्न समतेचा आहे. ज्यांच्यापर्यंत चांगला शिक्षक पोहोचत नाही त्यांच्यासाठी दूरशिक्षण, हा त्याचा मूळ हेतू. परंतु वीज, संपर्कजाल, शांत खोली व स्वतःहून शिकण्याची सवय यांची अपेक्षा ते करते. आणि या गोष्टी ज्यांच्याजवळ असतात त्यांच्याजवळ बहुधा चांगला शिक्षकही असतो.

८. आपल्या संदर्भात

महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. ज्या तफावतीचा उल्लेख प्रारंभी केला, ती आपल्याही अनुभवाची आहे. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांसाठी पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने विकसित केलेला ‘वुई लर्न इंग्लिश’ हा नभोवाणी कार्यक्रम आंतरक्रियात्मक पद्धतीचाच आहे. २०१६ मध्ये शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे स्थानिक गट हे प्रशिक्षणाचे केंद्र मानले गेले. बांगलादेशातील शिक्षकगटांशी असलेले त्याचे साम्य उघड आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडील दूरस्थ उपक्रमांचे मूल्यमापन किती व्याख्याने ध्वनिमुद्रित झाली व किती जणांनी ती पाहिली, या आकड्यांवर होते. भाषेच्या बाबतीत प्रश्न वेगळे असावयास हवेत. विद्यार्थी किती वेळ बोलला? त्याचे बोलणे कोणी ऐकले? चूक झाली तेव्हा ती कोणाच्या लक्षात आली? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत सापडत नाहीत, ती योजना प्रसारणाची आहे, अध्यापनाची नव्हे.

९. निष्कर्ष

१) दूरशिक्षण भाषेचा श्राव्य आदर्श, सुसूत्र पाठ्यसामग्री व तज्ज्ञांचे मार्गदर्शन अल्प खर्चात दूरवर पोहोचवू शकते. शिक्षकांच्या तीव्र टंचाईत हे सामर्थ्य मोलाचे आहे.

२) भाषा-अध्यापनात संवाद हे साधन व साध्य दोन्ही असल्याने, केवळ एकदिशा माध्यमांनी आकलन वाढू शकते, अभिव्यक्ती त्या प्रमाणात वाढेल याची खात्री देता येत नाही.

३) केनिया, चीन, बांगलादेश व उरुग्वे येथील प्रयोगांत माध्यमे भिन्न होती, मात्र प्रत्येक ठिकाणी पाठ आणि शिकणारा यांच्यामध्ये स्थानिक भाषा व परिस्थिती जाणणारी व्यक्ती होती.

४) अध्यापनाचे शास्त्र दुरून शिकता येते, अध्यापन मात्र खऱ्या विद्यार्थ्यांसमोर निरीक्षणाखाली केल्याशिवाय शिकता येत नाही. सरावविरहित प्रमाणपत्रांना नेमणुकीत पात्रता म्हणून स्वीकारू नये.

५) ज्या योजना स्थानिक शिक्षकाला वगळून विद्यार्थ्याकडे थेट जातात त्या व्याप्तीत मोठ्या, परंतु परिणामात उथळ व धोरणबदलापुढे असुरक्षित राहण्याचा संभव असतो. ज्या योजना स्थानिक शिक्षकाला समर्थ करतात त्या मंद गतीने वाढतात. पण प्रकल्प संपल्यावरही त्यांचे काही तरी शाळेत मागे राहते.

यास्तव दूरशिक्षणाच्या कोणत्याही योजनेत पहिला खर्च वर्गातील शिक्षकावर आणि दुसरा पडद्यावर व्हावा. हा क्रम उलटला तर उपकरणे जुनी होतील, करार संपतील आणि वर्गातील शिक्षक जेथे होता तेथेच राहील.